वेंगुर्ला रॉक्सवरील सागरी पक्षी मुंबईकरांनी कसे पाहावेत आणि कसे मोजावेत

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १४-१५ किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, लहानमोठ्या खडकांचा एक समूह उभा आहे. कागदोपत्री त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, जुन्या इंग्रजी नकाशांवर तो बर्न्ट आयलंड्स या नावाने सापडतो, आणि त्याला सर्वांत जवळ असलेल्या निवती-भोगवे परिसरातील माणसे त्याला निवती रॉक म्हणतात. खडकांवर एक दीपगृह आहे, वस्ती मात्र नाही. भारताच्या पश्चिमेकडील समुद्रात सुरय (इंग्रजीत टर्न) पक्षी मोठ्या वसाहती करून अंडी घालतात अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. लक्षद्वीपमधील पक्षीपिट्टी हे वाळूचे चिमुकले बेट त्यांपैकी एक, आणि मुंबईच्या माणसाला त्यातल्या त्यात आवाक्यातली जागा म्हणजे हे खडक.

ही जागा कशी पाहावी, केव्हा पाहावी आणि पाहिलेल्याची नोंद कशी ठेवावी, हे या लेखात सांगितले आहे. पुढील सर्व सूचना एकाच गोष्टीवर आधारलेल्या आहेत: खडकावर उतरायचे नाही. संशोधनासाठी उतरणे आवश्यकच असेल तर वनविभाग आणि दीपगृह खाते यांची लेखी परवानगी घेऊन, जाणत्या माणसाबरोबर आणि वीण संपल्यानंतर उतरावे. तो या लेखाचा विषय नाही. हौशी निरीक्षकाला जे पाहायचे असते आणि अभ्यासाला उपयोगी पडेल असे जे मोजायचे असते, ते सारे होडीतून होते, आणि माझ्या मते होडीतूनच अधिक चांगले होते, कारण माणूस खडकावर चढला की मोजण्याजोगा पक्षी खडकावर राहत नाही.

हंगामाचे गणित

पहिली अडचण हंगामाची आहे. येथील सुरयांची वीण साधारण मे महिन्यात सुरू होते आणि ऐन पावसाळ्यात चालते. अंडी उबवायला सुमारे एक महिना लागतो आणि पिल्लू उडू लागायला त्यापुढे दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे वसाहत सर्वाधिक गजबजलेली असते ती जून-जुलैमध्ये, आणि नेमक्या त्याच काळात समुद्र बंद असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, प्रवासी व पर्यटन होड्या त्याच्याही थोड्या आधी थांबतात आणि ऑगस्ट संपल्यानंतरच पुन्हा सुरू होतात. बंदी नसती तरीही त्या दिवसांत नैऋत्येचा वारा अंगावर घेत उघड्या समुद्रात जाण्याचे धाडस कोणी शहाणा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, करणार नाही. पक्ष्यांनी हा काळ निवडण्यामागे माणसाचा अडसर टाळणे हा हेतू नसणारच, परंतु माणसाची वर्दळ बंद असण्याचा फायदा त्यांना मिळतो हे खरे.

तेव्हा आपल्या हाती दोन लहान खिडक्या उरतात. पहिली मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याची. या वेळी पक्षी खडकांवर जमू लागलेले असतात, नर चोचीत मासा धरून मादीभोवती मिरवत असतात, जागेवरून भांडणे चालू असतात आणि काही ठिकाणी पहिली अंडी पडलेली असतात. मेच्या उत्तरार्धात जाऊ नये असे मी म्हणेन. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा तो काळ आहे. २०२१ चे तौक्ते १७ मे रोजी मुंबईजवळून गेले, तत्पूर्वी ते सिंधुदुर्गाचा किनारा झोडपून आले होते. दुसरी खिडकी नारळी पौर्णिमेनंतर, होड्यांची ये-जा पुन्हा रुळल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतची. या वेळी खडकांवर फारसे काही नसते, परंतु भोवतालच्या पाण्यावर आईबापांच्या मागे चिरक्या आवाजात ओरडत फिरणारे त्या वर्षीचे तरुण सुरय दिसतात. वीण यशस्वी झाली की नाही, याचा अंदाज या दुसऱ्या भेटीतच बांधता येतो; पण तिचे आकर्षण कमी असल्यामुळे ती फार थोडे लोक करतात. एकच फेरी शक्य असेल तर मला विचाराल तर मी ऑक्टोबर सुचवीन.

मुंबईतच करायची तयारी

जाण्याआधीचा अभ्यास मुंबईत होतो आणि तो इतरत्र कुठे इतका चांगला होणार नाही. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी फोर्टमध्ये लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउसमध्ये आहे. तिच्या नियतकालिकाचे जुने खंड ग्रंथालयात आणि इंटरनेटवरही वाचता येतात. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी त्यात वेंगुर्ल्याचे सुरय व पाकोळ्या (स्विफ्टलेट) यांविषयी लिहिले, आणि १९८० च्या दशकात ते पुन्हा त्याच विषयाकडे वळले. दुसऱ्या लेखाच्या वेळी खडकांवरील पारव्यांनाही शीर्षकात स्थान मिळाले होते. त्यांच्याही कितीतरी आधी, १८७५ मध्ये, अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम 'क्लाइड' या सर्वेक्षण जहाजातून लक्षद्वीपपर्यंत गेले होते आणि त्या सफरीच्या वृत्तान्तात पश्चिम किनाऱ्याच्या पक्ष्यांविषयीही त्यांनी विस्ताराने लिहिले. पुढे दहा वर्षांनी गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. जुन्या नोंदी वाचताना त्यातील पक्ष्यांची नावे, महिना आणि अंडी की पिल्ले एवढ्या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. आपण जे पाहणार आहोत त्याला अर्थ येतो तो या जुन्या आकड्यांशेजारी ठेवल्यावरच.

दुसरी तयारी डोळ्यांची आणि हातांची. हलत्या होडीतून दुर्बीण स्थिर धरणे हे कसब आहे, आणि ते शिकण्यासाठी गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट ही उत्तम शाळा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या बोटीमागे कुरवांचा (सीगल पक्ष्यांचा) थवा लागतो. प्रवासी कठड्याशी उभे राहून गाठिये आणि वेफर्स उधळत असतात आणि पक्षी ते हवेतच झेलतात. हा खाऊ पक्ष्यांच्या हिताचा नाही, आपण तरी तो देऊ नये, परंतु दोन हातांच्या अंतरावर उडणारा पक्षी न्याहाळण्याची संधी सोडूही नये. कठड्याला टेकू नये, कारण इंजिनाची थरथर थेट दुर्बिणीत उतरते. पाय थोडे फाकून, गुडघे सैल ठेवून उभे राहावे आणि आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडून, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावावी. समुद्रावर आठपट दुर्बीण पुरते. दहापटीत पक्षी मोठा दिसतो आणि त्याहून मोठा दिसतो तो हाताचा कंप.

कुरव आणि सुरय यांतील फरक मनात पक्का होण्यासाठी थंडीत एखादी सकाळ अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर घालवावी. ओहोटीला तेथे दोन्हींचे मिश्र थवे बसलेले असतात. कुरव अंगाने भरलेला, पाण्यावर निवांत बसणारा. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, बारीक चोच खाली रोखून उडणारा आणि मासा दिसताच झेपावणारा, एवढा ठसा एकदा उमटला की पुढचे काम निम्मे होते.

कोणते पक्षी दिसतील

वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करणाऱ्यांत दोन सुरय प्रमुख आहेत आणि दोघांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत.

पहिला ब्रायडल्ड टर्न. पाठ आणि पंख गडद करडे-तपकिरी, पोट पांढरे, डोक्यावर काळी टोपी आणि चोचीपासून डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी भुवई. ही भुवई नीट पाहावी. ती डोळ्याच्या मागेही थोडी सरकलेली असेल तर तो ब्रायडल्ड टर्न. पांढरा भाग कपाळावर रुंद असून डोळ्यापाशीच संपत असेल आणि पाठ जवळजवळ काळी असेल तर तो सूटी टर्न, जो आपल्या किनाऱ्याजवळ सहसा वादळामुळेच येतो. ब्रायडल्ड टर्न आपले एकुलते एक अंडे कपारीत, पुढे आलेल्या दगडाखाली, सावलीत घालतो. त्यामुळे होडीतून त्याचे घरटे दिसत नाही आणि खडकावर दिसणाऱ्या पक्ष्यांच्या मोजणीत त्याची संख्या नेहमी कमी भरते. समुद्रात त्याला ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे बसण्याची सवय. तरंगणारा ओंडका, जाळ्यातून सुटून आलेला बोया, थर्मोकोलचा तुकडा, जे मिळेल त्यावर तो उभा राहतो. लाट आली की पंख किंचित उघडून तोल सावरायचा, लाट गेली की पुन्हा मिटायचे, आणि होडी जवळ आली तरी शेवटच्या क्षणापर्यंत जागा सोडायची नाही, असा त्याचा क्रम चाललेला असतो. म्हणून निवतीहून निघाल्यापासूनच पाण्यावरच्या प्रत्येक तरंगत्या वस्तूकडे दुर्बीण फिरवावी.

दुसरा ग्रेटर क्रेस्टेड टर्न, म्हणजे मोठा तुरेवाला सुरय. हा आकाराने बराच मोठा, राखाडी पाठीचा, पिवळसर लांब चोचीचा आणि मानेमागे विस्कटलेला काळा तुरा असलेला पक्षी आहे. त्याचाच धाकटा भाऊ शोभावा असा लेसर क्रेस्टेड टर्न मुंबईच्या किनाऱ्यावर थंडीत सहज दिसतो, आणि दोघांत घोटाळा होतो. धाकट्याची चोच नारिंगी असते. थोरल्याची पिवळी, कधी हिरवट छटेची. शिवाय ऐन विणीच्या काळातही थोरल्याच्या काळ्या टोपीत आणि चोचीत पांढरी पट्टी राहते, तर धाकट्याची टोपी थेट चोचीला भिडते. मोठा तुरेवाला सुरय उघड्या, सपाट माथ्यावर दाटीवाटीने बसतो. एका पक्ष्याची चोच शेजाऱ्याला पोहोचू नये एवढेच अंतर दोन घरट्यांत असते, आणि घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरचे एक अंडे, त्यापलीकडे काही नाही. पिल्ले जरा मोठी झाली की ती एकत्र कळप करून राहतात आणि त्या गर्दीतून आईबाप आपले पिल्लू आवाजावरून शोधतात.

जुन्या नोंदींत येथे रोझिएट टर्न आणि व्हाइट-चीक्ड टर्न यांच्या विणीचाही उल्लेख आहे. हे दोन्ही पक्षी दुरून ओळखणे अवघड आहे. छायाचित्राशिवाय त्यांची नोंद करू नये आणि शंका असेल तर नुसते 'सुरय, जात अनिश्चित' असे लिहावे. अशी नोंद निरुपयोगी नसते. चुकीच्या नावाची नोंद मात्र नुसती निरुपयोगी नव्हे तर घातक असते.

सुरयांखेरीज खडकांच्या गुहांत भारतीय पाकोळी घरटी करते. ही आपल्या इमारतींभोवती फिरणाऱ्या घर पाकोळीपेक्षा वेगळी आहे: कमरेवर पांढरा पट्टा नाही, सारे अंग मळकट तपकिरी, शेपटीला अगदी उथळ खाच. अंधाऱ्या गुहेत ती टकटक असा आवाज करीत त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते आणि मुख्यतः आपल्या लाळेने, भिंतीला चिकटलेले वाटीसारखे घरटे बांधते. याच घरट्यांना पूर्व आशियात सारासाठी मोठी किंमत मिळते, आणि त्यामुळे येथील घरट्यांची चोरी हा जुना रोग आहे. यावरून निघणारी सूचना सरळ आहे. गुहेचे तोंड, तिच्याकडे जाणारी वाट किंवा तिचे नेमके ठिकाण दाखवणारे छायाचित्र कोठेही टाकू नये. नोंद करायची तर 'वेंगुर्ला रॉक्स परिसर' एवढेच ठिकाण लिहावे. कोणी गुहेत शिड्या, बांबू किंवा पोती घेऊन शिरताना दिसले तर स्वतः हुज्जत न घालता होडीचा क्रमांक आणि वेळ टिपून वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे.

प्रवास आणि होडी

मुंबईहून रेल्वेने कुडाळला उतरावे; दादरहून सुटणारी तुतारी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटणारी कोकणकन्या दोन्ही तेथे थांबतात. मे महिन्यात अर्धी मुंबई गावी निघालेली असते, तेव्हा आरक्षण खुले होईल त्याच दिवशी तिकीट काढावे. कुडाळहून परुळेमार्गे निवती किंवा भोगवे गाठावे आणि मुक्काम तेथेच करावा, कारण पहाटे निघायचे असते.

होडी ठरवताना भाड्यापेक्षा माणूस पाहावा. या किनाऱ्यावरील गाबित तांडेलांना खडकांभोवतीचे प्रवाह आणि पाण्याखालचे दगड पाठ असतात, आणि सुरय कोठे घिरट्या घालतात हेही त्यांना ठाऊक असते, कारण सुरय जेथे झेपावतात तेथे लहान माशांचा थवा वर आलेला असतो. होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का आणि इंजिन बंद पडल्यास दुसरी सोय काय, हे तिन्ही प्रश्न आदल्या दिवशी विचारावेत. तांडेल वयाने मोठे असतील तर बोलणे काका म्हणूनच सुरू करावे, आणि आपण खडकावर उतरणार नाही हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे. पर्यटकांना उतरवायचेच असते असा समज असल्याने पुष्कळदा होडी आपोआप खडकाला लावली जाते. त्यांनी 'आज समुद्र बरो नाय' म्हटले की वाद घालू नये आणि जास्त पैसेही देऊ करू नयेत.

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो आणि पाणी बहुधा शांत असते. सूर्य वर चढला की खारा वारा सुटतो आणि मे महिन्यात दुपारपर्यंत समुद्र बराच उसळतो. म्हणून उजाडता निघावे आणि साडेदहा-अकराच्या आत परत किनाऱ्याला लागावे. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांपेक्षा भांगाचे (लहान भरतीचे) दिवस बरे. बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. पोट रिकामे ठेवू नये, दोन घावणे खाऊन निघावे आणि होडीच्या मध्यभागी बसावे.

खडकांजवळ गेल्यावर

खडक प्रथम दिसतात ते पांढऱ्या डागांनी. हा रंग विष्ठेचा असतो, आणि वारा आपल्या दिशेने असेल तर आवाज ऐकू येण्याआधी वास येतो. तेथून पुढे होडीचा वेग कमी करावा, बोलणे हळू करावे आणि अंतर राखावे. शंभर मीटर हे किमान समजावे. अंतर मोजण्याचे साधन जवळ नसते, म्हणून मीटरपेक्षा पक्ष्यांकडेच पाहावे. बसलेले पक्षी माना उंच करून एकाच दिशेला पाहू लागले तर आहात तेथेच थांबावे. चार-दोन पक्षी उठून होडीवर येऊन ओरडू लागले तर मागे फिरावे. संपूर्ण थवा एकदम उठला तर आपण फारच जवळ आलो आहोत, आणि तो पुन्हा बसेपर्यंत दूर जाऊन वाट पाहावी. कधीकधी सारी वसाहत एकाएकी गप्प होऊन पाण्यावर झेप घेते आणि क्षणभरात परत येते, त्यामागे दर वेळी आपणच असतो असे नाही. समुद्रगरुड वरून गेला तरीही असे होते.

एवढी काळजी का, याचे उत्तर अंड्यात आहे. या दोन्ही सुरयांची मादी एका विणीत एकच अंडे घालते. मे महिन्याच्या उन्हात उघड्या दगडावरून प्रौढ पक्षी उठला की अंड्याचे तापमान झपाट्याने वाढते. पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब देण्याइतकाच सावली धरण्यासाठीही बसतो. कावळा किंवा गरुड टपलेला असेल तर तेवढा वेळ त्याला पुरतो. पिल्ले असतील तर ती घाबरून पळतात, शेजारच्या जोड्यांच्या टोचण्या खातात किंवा कड्यावरून पाण्यात पडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे अथवा उचलून नेणे हा गुन्हा आहे, परंतु अंड्याला हातही न लावता ते मारता येते, हे कायद्याच्या पुस्तकातून लक्षात येत नाही. ड्रोन उडवू नये, भोंगा वाजवू नये आणि छायाचित्रात थवा उडताना यावा म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याला पुन्हा सोबत नेऊ नये.

मोजणीची रीत अशी. प्रथम एका ठळक खुणेपासून, उदाहरणार्थ दीपगृहापासून, सुरुवात करून खडक सतत आपल्या एकाच बाजूला ठेवत पूर्ण फेरी मारावी. प्रत्येक खडकाला वहीत क्रमांक द्यावा आणि त्याचा ढोबळ आकार रेखाटावा. दोन माणसांनी एकमेकांना न सांगता वेगवेगळे मोजावे आणि आकडे फेरी संपल्यावरच ताडून पाहावेत. दोघांचे आकडे फार वेगळे आले तर सरासरी काढून मोकळे होऊ नये, फेरी पुन्हा मारावी. दाट थवा असेल तर पंगतीत एका रांगेची पाने मोजून रांगांच्या संख्येने गुणावे तसे करावे: प्रथम नेमके वीस पक्षी मोजून ते दृष्टीने किती जागा व्यापतात हे पाहावे आणि तेवढे तुकडे साऱ्या थव्यावर कल्पून मोजावेत. बसलेले, उडणारे आणि पाण्यावर झेपावणारे यांचे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत, कारण एकूण आकड्यावरून वसाहतीविषयी काही कळत नाही. शक्य असेल तर प्रत्येक बाजूची, कडा एकमेकांवर येतील अशी छायाचित्रे ओळीने काढावीत. घरी मोठ्या पडद्यावर त्यांतील पक्षी मोजले की होडीतला आपला अंदाज किती कमी वा जास्त होता तेही कळते. बहुतेकांचा तो कमी असतो.

मोजणीइतकेच महत्त्व वर्तनाच्या नोंदीला आहे. चोचीत आडवा मासा धरून सुरय सरळ रेषेत खडकाकडे जात असेल तर तेथे त्याची जोडीदारीण किंवा पिल्लू आहे. असा पक्षी कोणत्या खडकावर, कोणत्या बाजूला उतरला ते टिपावे. ब्रायडल्ड टर्नच्या बाबतीत तर, घरटे दिसत नसल्यामुळे, हाच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. प्रत्येक नोंदीत वेळ, वाऱ्याची दिशा, भरती की ओहोटी आणि अंदाजे अंतर लिहावे. त्या दिवशी काहीच दिसले नाही तर तेही लिहावे. रिकामा खडक हीसुद्धा नोंद आहे.

आणखी एक गोष्ट आता नोंदवली पाहिजे. राज्याच्या पर्यटन महामंडळाने निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्याने स्थानिकांना काम मिळेल हे चांगलेच. परंतु होड्यांची वर्दळ वाढेल, आणि प्रत्येक होडीबरोबर खाण्याच्या डब्यांतून उंदीर किंवा उरलेल्या अन्नावर येणारे कावळे खडकांपर्यंत पोहोचण्याचा धोकाही वाढेल. तेव्हा किती होड्या दिसल्या, त्यांपैकी किती खडकाला लागल्या आणि त्या वेळी पक्षी उठले का, याचा एक रकाना वहीत असावा. वर्दळीपूर्वीची आणि नंतरची स्थिती पुढे कोणाला ताडून पाहायची झाली तर आजचे हे आकडे लागतील.

घरी आल्यावर नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवाव्यात. समुद्रावरच्या याद्या तासाभरापेक्षा लांब करू नयेत. दर तासाला नवी यादी सुरू केली म्हणजे पक्षी नेमका कोठे दिसला हे नकाशावर बरोबर बसते. खडकांजवळ मोबाइलला जाळे मिळेलच असे नाही, म्हणून ई-बर्डच्या अॅपमधील त्या परिसराच्या पक्ष्यांचा संच मुंबईतच उतरवून घ्यावा.

जाणे शक्य नसेल तर

वीण चालू असते त्या दिवसांत मुंबईत राहूनही या पक्ष्यांचे एक काम करता येते. जून ते सप्टेंबरमध्ये सलग दोन-तीन दिवस पश्चिमेचा जोरदार वारा लागला की खुल्या समुद्रातले पक्षी थकून किनाऱ्याला लागतात. जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई या पुळणींवर अशा वेळी ब्रायडल्ड टर्न, सूटी टर्न, नॉडी (गडद रंगाचा एक सुरय), क्वचित मास्क्ड बूबी हा मोठा सागरी पक्षीही सापडतो. वारा पडल्यानंतरच्या सकाळी, भरतीने टाकलेल्या कचऱ्याच्या रेषेवरून चालत जावे आणि मेलेला पक्षी असेल तरी त्याची चोच, पंख आणि पाठ यांची छायाचित्रे घ्यावीत.

पक्षी जिवंत असेल तर त्याला पुन्हा लाटांत सोडू नये. उडता येत असते तर तो वाळूवर बसलाच नसता. त्याच्या चोचीत पाणी ओतू नये, पाव किंवा मासाही कोंबू नये. हातमोजे घालून, मागून हलका टॉवेल टाकून, पंख अंगाशी मिटवून त्याला उचलावे. बूबी असेल तर आपला चेहरा त्याच्या चोचीपासून दूर ठेवावा, कारण तो थेट डोळ्यांकडे झेप घेतो. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून त्याला अंधारात ठेवावे, कुत्री आणि बघे यांना लांब ठेवावे, आणि १९२६ वर फोन करून पुळणीचे नाव, जवळची ठळक खूण आणि पक्षी सापडल्याची वेळ सांगावी. खोके पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये.